सहावा रिसीव्हर

आमच्या घरात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खोटं बोलायला परवानगी असते. ही परवानगी माझ्या आजोबांनी दिलेली आहे, आणि आजोबा चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसतात, तेव्हा ती वरूनही मंजूर झालेली असणार असं आम्ही धरून चालतो.

त्या आठवड्यात आमच्या फुटबॉल टीमची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात त्या फुटबॉलच्या, अंतिम यादी लागते. उन्हाळाभर नव्वद जण घाम गाळतात, मंगळवारी दुपारी तीन वाजता त्यातले त्रेपन्न उरतात आणि बाकीचे बॅगा भरून घरी जातात. त्रेपन्नातल्या सत्तेचाळीस जणांवरून आमच्याकडे कधी भांडण झालेलं नाही. भांडण होतं ते रिसीव्हरांवरून. लांब फेकलेला चेंडू जिवाच्या आकांताने पळत जाऊन झेलणारे हे लोक. ते सहाच ठेवतात. आणि सहा कोण, यावरून एका वर्षी माझ्या मामाने आणि मावशीने जो अबोला धरला तो थेट नाताळात सुटला, तोही बटाट्याचं सॅलड मागायचं होतं म्हणून.

तेव्हापासून आजोबांनी नियम घालून दिले. आजोबांकडे सीझनची दोन तिकिटं आहेत, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. आमच्याकडे घर वाटून घेताना कुणी भांडत नाही, तिकिटांवरून भावंडं वकील करतात. मी जन्मले त्याच आठवड्यात आजोबांनी माझं नाव प्रतीक्षायादीत घातलं. पंधरा वर्षांत माझा नंबर एक लाख बारा हजारांवरून एकोणनव्वद हजारांवर आलाय. या वेगाने माझी पाळी येईल तेव्हा मी कवळी लावून हॉट डॉग खात असेन.

तर नियम असे. प्रत्येकाने सहा रिसीव्हरांची नावं लिहून पाकीट माझ्या आईकडे द्यायचं. (आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून ती न्यायाधीश.) मंगळवारी दुपारी बारापर्यंत यादी बदलता येते. तीन वाजता पाकिटं फोडायची. ज्या दोघांच्या याद्या सगळ्यात बरोबर, ते घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला जाणार. बरोबरी झाली तर वयाने मोठा असेल तो. कोपऱ्यात जाऊन दोघांनी कुजबुजायचं नाही. जे बोलायचं ते टेबलावर, सगळ्यांसमोर. टेबलावर मात्र हवं तेवढं खोटं बोला. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय यादी नाही.

मला जूनमध्ये पंधरा पूर्ण झाली.

एकोणीस वर्षांत आजोबांची पहिली मॅच एकदाही चुकलेली नाही. दुसरी जागा कधी ड्वेन मामाला, कधी लोइस मावशीला. मला ती दुसरी जागा हवी होती. नुसती मॅच नव्हे, आजोबांच्या शेजारी बसून मॅच. कारण घरी टीव्हीसमोर आजोबा अर्धा वेळ डुलक्या काढतात, पण मामा शपथेवर सांगतो, स्टेडियमवर ते बाकावर उभं राहून गातात. आजोबा! नॉर्बर्ट वीगंड, जे वाढदिवसालाही नुसते ओठ हलवतात! हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

आता गणित बघा. खेळणारे चार: आजोबा, मावशी, मामा आणि मी. जागा दोन. मी सगळ्यात लहान, म्हणजे बरोबरीत मी कायम खाली. मी बरोबर असून भागणार नव्हतं. मामा आणि मावशी दोघंही चुकायला हवे होते. आजोबांची मला काळजी नव्हती, ते स्वतःच्या अकलेने बरोबरच येणार. मला फक्त इतर दोघांना खड्ड्यात घालायचं होतं.

गेल्या वर्षापर्यंत मला हे जमलं नसतं. नववीच्या सुरुवातीला वर्गात हजेरी द्यायची म्हटली तरी माझ्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग बाईंनी मला जबरदस्तीने शाळेच्या वादविवाद मंडळात टाकलं, पहिल्या स्पर्धेत मी पाणी सांडलं, तिसऱ्या स्पर्धेत समोरच्या शाळेतला मुलगा माझं भाषण ऐकून स्वतःचाच मुद्दा विसरला, आणि त्या दिवसापासून मी गप्प बसलेली कुणी पाहिलेली नाही. आई म्हणते, नळ दुरुस्त करायला गेलो आणि धरणच फुटलं.

पहिले पाच रिसीव्हर सगळ्यांनाच ठाऊक होते. सहाव्या जागेसाठी तिघं होते. एक पेन नावाचा, अकरा वर्षं खेळलेला, गुडघे कुरकुरणारा. दुसरा हॉलोवे, ज्याने सरावाच्या दुसऱ्या मॅचमध्ये एका हाताने असा काही चेंडू झेलला की ती चित्रफीत आमच्या दंतवैद्याच्या दवाखान्यातसुद्धा चालू होती. आणि तिसरा मूडी, ज्याच्या हातून दोनदा सोपे चेंडू सुटले आणि ज्याला मामा ‘साबण’ म्हणतो.

आणि सहावा मूडीच असणार, हे फक्त मला माहीत होतं.

कसं? सांगते. किकऑफच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देतात तेव्हा, आमचं अख्खं घर उठतं. कुणी फ्रिजकडे, कुणी बाथरूमकडे, मावशी सिगारेटला. ती सगळ्यांची ठरलेली सुट्टीच. आजवर सगळ्यांच्या फर्माइशी आणून द्यायचं काम माझं असायचं, पण या उन्हाळ्यात मी जाहीर करून टाकलं की ज्याला लोणचं हवं त्याने उठावं. त्यामुळे किकऑफ बघणारी घरात मी एकटी. आणि तिन्ही सरावाच्या मॅचमध्ये मी बघितलं, चेंडू खाली यायच्या आत समोरच्याच्या छातीवर कोण आदळतं? मूडी. एकदा नाही, दोनदा नाही, सहा वेळा. सहावा रिसीव्हर चेंडू झेलायला ठेवतच नाहीत, झेलायला पहिले पाच असतात. सहावा असतो लाथेमागे पळून माणसं पाडायला.

शिवाय शनिवारच्या शेवटच्या मॅचमध्ये हॉलोवे शेवटच्या मिनिटापर्यंत खेळत होता. मूडी चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये डोक्यावर टोपी घालून सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता. नोकरी पक्की झालेला माणूसच असा बसतो.

रविवारी दुपारी आजोबांनी अंगणात कोळसा पेटवला. आमच्या शेबॉयगनमध्ये ब्रॅट, म्हणजे ते जाडजूड सॉसेज, पाण्यात किंवा बिअरमध्ये उकळणाऱ्याला लोक घरात घेत नाहीत. ते कोळशावरच भाजायचे, आणि एका पावात दोन. आजोबा चिमट्याने एकेक सॉसेज फिरवत होते, मावशी कांदा चिरत होती, मामा खुर्ची अशी धरून बसला होता जणू ती कुणी पळवणार आहे. मामा बाथटबच्या कारखान्यात भट्टीवर असतो. बोलण्यात काटकसर करतो आणि जे बोलतो ते टोचून बोलतो.

टेबलावर बसल्या बसल्या मावशीने सुरुवात केली. “माझा पेन. मी सांगून टाकते.”

“पेनला अजून चालता येतं?” मामा.

“अकरा वर्षं दिलीत त्याने या टीमला! आणि त्याच्या मेहुणीचे केस मी कापते. सभ्य घर आहे.”

“मग केसांसाठी ठेवा त्याला.”

“ड्वेन, तू स्वतः सात वर्षांत दाढी नीट केलेली नाहीस, तू केसांवर बोलू नकोस.”

मी उभी राहिले. मंडळात शिकवलंय, उभं राहिलं की अर्धा वाद तिथेच जिंकता येतो. हातात काटा होता, तो तसाच वर केला.

“सभ्य स्त्री-पुरुषहो,” मी म्हटलं.

“झालं,” आई म्हणाली आणि सॅलडचं भांडं माझ्या हाताच्या टप्प्यातून लांब सरकवलं.

मग मी जी सुटले! हॉलोवेचा तो झेल मी नुसता सांगितला नाही, करून दाखवला, पावाचा तुकडा उडवून, एका हाताने. (दुसऱ्या प्रयत्नात जमला. पहिला शेजाऱ्यांच्या कुत्र्याने झेलला, आणि मी त्याचाही मुद्दा केला: “बघा, कुत्र्यालासुद्धा जमतं ते मूडीला जमत नाही!”) मी म्हटलं, तिकीट काढून लोक काय बघायला येतात? पडणारे चेंडू? मी म्हटलं, आपला क्वार्टरबॅक तरणा आहे, त्याला चेंडू कुठेही फेकला तरी झेलणारा माणूस हवा. मूडीच्या हाताला साबण लागलाय असं मामा म्हणतो ते खोटं आहे, साबण निदान धुतल्यावर जातो. हॉलोवेला काढलं तर दुसऱ्या टीमवाले त्याला संध्याकाळी पाचच्या आत उचलतील, आणि मग ऑक्टोबरमध्ये तो आपल्याच अंगणात येऊन आपल्याच नाकावर टिच्चून चेंडू झेलेल, आणि तेव्हा, मावशी, पेन तुझ्याकडे केस कापत बसलेला असेल!

शेवटचं वाक्य संपवून मी काटा खाली ठेवला.

“बापरे,” मावशी म्हणाली. “माझ्या अंगावर काटा आला गं.”

मामा ब्रॅट खात होता. त्याने ओठावरचा मोहरीचा सॉस पुसला. “झालं तुझं?”

“झालं.”

“मग तो कांदा इकडे दे.”

मी खूश. मामा असं तोडून बोलला की समजायचं, मुद्दा त्याला लागलाय. मी मनातल्या मनात स्टेडियमच्या पायऱ्या चढत होते. आणि तेवढ्यात आजोबांनी चिमटा खाली ठेवला, खिशातून आपलं पाकीट काढलं, जे अजून आईला दिलेलं नव्हतं, कानामागची पेन्सिल काढली आणि मागच्या रबराने आतल्या यादीतलं एक नाव खोडलं.

“पोरगी बरोबर बोलते,” ते म्हणाले. “मी मूडी लिहिला होता. पण आता म्हातारपणी माझं डोकं लाथेबिथेत अडकलंय. हॉलोवेच.”

आणि त्यांनी लिहिलं. हॉ-लो-वे. मी ते प्रत्येक अक्षर उलट बाजूने वाचलं.

तुम्ही कधी स्वतः खणलेल्या खड्ड्यात भलत्याच माणसाला, आणि तेही हसत हसत, उतरताना बघितलंय? तसं.

“आजोबा, पण तुम्ही…” मी म्हटलं.

“काय?”

मामा माझ्याकडे बघत होता. मी पाव तोंडात कोंबला. “मोहरी द्या.”

सोमवारभर मी आजोबांच्या मागे मागे. त्यांनी टोमॅटोला काठ्या लावल्या, मी सुतळी धरली. त्यांनी गाडी धुतली, मी पाइप धरला.

“आजोबा, किकऑफ म्हणजे किती महत्त्वाची गोष्ट असते नाही?”

आजोबांनी साबणाचं बोट वर केलं. “टेबलावर.”

“मी सहज म्हणते.”

“सहजही टेबलावर. नियम माझा आहे, मीच मोडला तर उद्या ड्वेन माझ्या कानात येऊन बसेल.”

आता माझ्यापुढे सरळ दोन वाटा होत्या, आणि दोन्ही वाईट. टेबलावर सगळ्यांसमोर मूडीचं खरं सांगितलं, तर आजोबा वाचणार, पण मामा-मावशीलाही ते कळणार. मग सगळेच बरोबर, बरोबरी, आणि मी, सगळ्यात लहान, घरी. गप्प बसले, तर कदाचित मी जाणार आणि आजोबा घरी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्यामुळे.

मंगळवारी सकाळी मामा रात्रपाळी संपवून कॉफीला आला. मावशीही दुकान उघडायच्या आधी टपकली. यादीच्या दिवशी ती येतेच. आई हॉस्पिटलच्या ड्युटीवर जायला निघाली होती पण न्यायाधीश म्हणून तिने दुपारनंतरची सुट्टी काढली होती. घड्याळात साडेआठ. बारापर्यंत वेळ होता.

मी मधला रस्ता काढायचा ठरवला. खरं सांगायचं, पण इतकं वाईट सांगायचं की फक्त आजोबांना पटेल. हे लिहिताना मला कळतंय की हा बेत किती बिनडोक होता. त्या वेळी मला तो थोर वाटला.

“मी विचार करत होते,” मी कॉफीत चमचा ढवळत म्हटलं. मी कॉफी पीत नाही. “मूडी पण काही अगदीच हा नाही. म्हणजे, पळतो बरा.”

“आँ?” मावशी म्हणाली. “परवा तर कुत्रा त्याच्यापेक्षा बरा होता.”

“कुत्रा आणि मूडी यांची वेगवेगळी कौशल्यं आहेत.”

“म्हणजे आता तू मूडी म्हणतेस?”

“मी म्हणत नाही. मी एक शक्यता मांडते. आजोबा, तुम्हाला काय वाटतं? शक्यतेबद्दल?”

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात जड आहे, चाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात चाकाएवढ्या ढेपा उचललेला. “मॅरेन, इकडे बघ. ऐन वेळी घाबरायचं नाही. परवा तू या टेबलावर जे बोललीस ना, तसं बोलायला मला सत्तर वर्षांत जमलं नाही. तुझी आजी जमवायची. आपण एकदा उभं राहून बोललो की त्यावर टिकायचं. डगमगायचं नाही.”

“पण डगमगणं कधी कधी चांगलं असतं!”

“नसतं.”

“इमारतीसुद्धा भूकंपात डगमगतात म्हणून वाचतात, आजोबा, हे विज्ञान आहे!”

“ही मुलगी बरी आहे ना?” मावशीने आईला विचारलं. “डोळे बघ कसे झालेत.”

मामा कपाच्या वरून बघत होता. हसत नव्हता. नुसता बघत होता. त्याच्यासमोर पूर्ण खरं बोलायला माझी जीभ वळेना. एक वाक्य होतं फक्त: आजोबा, मी खोटं बोलले, मूडी लिहा. पाच-सहा शब्द. मंडळात मी सात-सात मिनिटं न थांबता बोलते, आणि हे पाच-सहा शब्द बाहेर पडेनात. मला ती जागा हवी होती. ती मला इतकी हवी होती की मी म्हटलं, “साखर द्या,” आणि त्या कॉफीत आणखी दोन चमचे साखर टाकून ती प्यायले.

बारा वाजले. आईने पाकिटं टॉवेलच्या खणात ठेवून कुलूप लावलं. त्या खणाला कुलूप वर्षातून एकदाच लागतं.

तीनला पाच मिनिटं असताना सगळे पुन्हा टेबलाभोवती. मामाने झोप मोडून यायचं कारण दिलं की त्याला कोळशाची पिशवी हवीये. यादी फोनवर आली. आईने चष्मा लावला आणि रुग्णाचा रिपोर्ट वाचावा तशी वाचत गेली. पहिले पाच, अपेक्षेप्रमाणे. मग ती थांबली.

“सहावा… मूडी.”

मावशीने टेबलावर कपाळ टेकवलं. “पेन! माझा पेन! अकरा वर्षं!”

पाकिटं फुटली. मावशीच्या यादीत पेन. म्हणजे तिच्या अंगावर काटा आला होता, पण लेखणी हलली नव्हती. माझ्या यादीत मूडी. आजोबांच्या यादीत रबराने काळपट झालेल्या जागेवर हॉलोवे. आणि मामाच्या यादीत, भट्टीवरच्या माणसाच्या जाड अक्षरात: मूडी.

“ड्वेन आणि मॅरेन,” आई म्हणाली, आणि मग तिलाही कळलं. “बाबा…?”

आजोबा आपल्या यादीकडे बघत होते. मग माझ्या यादीकडे. मग पुन्हा आपल्या.

“तू मूडी लिहिलास,” ते मला म्हणाले.

“हो.”

“कधी?”

“रविवारी.” माझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर्षभराने पहिल्यांदा. “भाषणाच्या आधी.”

मग मी सगळं सांगून टाकलं, किकऑफ, सहा वेळा छातीवर, टोपी, बिया, आणि हे की खड्डा मामा-मावशीसाठी होता. “तुम्ही त्यात पडायचं नव्हतं, आजोबा! तुम्ही कधीच पडत नाही!”

“म्हणजे मला तू खड्ड्यात घालत होतीस?” मावशीने डोकं वर केलं. “आणि मी अंगावर काटा घेऊन बसले होते!”

“पण तू पडली नाहीस!”

“मी पेनवर प्रेम करते म्हणून. अकलेने नाही.”

मी मामाकडे वळले. मला खरंच कळत नव्हतं. “तू किकऑफ बघतोस?”

“छे. किकऑफला मी बाथरूममध्ये असतो.”

“मग?”

मामाने खुर्ची मागे ढकलली. “आपण पत्त्यांत शीप्सहेड खेळतो तेव्हा, हातात हुकूम असलेला माणूस काय करतो? गप्प बसतो. आणि ज्याच्या हातात काही नाही तो आरडाओरडा करतो. तू उभी राहून पाव उडवलास, कुत्रा आणलास, ऑक्टोबर आणलास. मी म्हटलं, एवढा माल एका हॉलोवेसाठी? म्हणजे पोरीला हॉलोवे विकायचाय. मग तिने स्वतःसाठी काय ठेवलंय? पेन तर नाही, त्याचे गुडघे तुलाही दिसतात.” त्याने खांदे उडवले. “राहिला साबण.”

“मग आज सकाळी तर मी मूडीचं नाव घेतलं!”

“तेव्हा पक्कं झालं.” आणि मग, टोचायची सवय म्हणूनच असेल, पण पहिल्यांदाच आवाज जरा खाली घेऊन: “बाबांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, मॅरेन. मी नाही ठेवला. म्हणून मी चाललोय मॅचला.”

हे लागलं. आईने माझ्यापुढे ठेवलेलं तिकीट मी आजोबांपुढे सरकवलं. “तुम्ही जा. मी नाही जात.”

आजोबांनी ते एका बोटाने परत माझ्याकडे सरकवलं. “नियम.”

“तुम्हीच केलाय, तुम्हीच बदला!”

“या नियमाने एका वर्षी मी तुझ्या आजीला घरी बसवलं होतं. आता माझ्यासाठी मोडला तर ती वरून लाटणं फेकेल, आणि तिचा नेम चांगला होता.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. खूप वेळ पुसला. मला वाटलं, गेलं, आता हे माझ्याशी नाताळपर्यंत बोलत नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले. “सहा वेळा,” ते म्हणाले. “सहा वेळा छातीवर! आणि मी एकोणीस वर्षं शहाणा, त्या वेळी फ्रिजमध्ये लोणचं शोधत होतो!” ते इतके हसले की आईने त्यांना पाणी दिलं. “खोटं बोलायला परवानगी मीच दिलीये, पोरी. ऐकून फसायची परवानगी मला कुणी दिली होती?”

मामा म्हणाला, “सकाळी सहाला निघायचं. आणि गाडीत भाषण नाही.”

सप्टेंबरच्या त्या रविवारी मी आजोबांच्या जागेवर बसले. मामाच्या शेजारी. मामा मॅच बघताना गुडघा हलवतो. तो अख्खा बाक हलतो. त्या बाकावरची सोळा माणसं हलतात. आणि तो गात नाही. मी किकऑफच्या आधी आजोबांना फोन लावला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“तुम्ही उठला नाहीत ना फ्रिजकडे?”

“हललेलो नाही. लोइस उठत होती, तिलाही बसवलं. कुठे आहे तो तुझा?”

“डावीकडून दुसरा.” आणि मूडी सुटला. दोन जणांना चुकवून, एकाच्या अंगावरून, आणि धाडकन! माझ्या बाजूचे सगळे उभे राहिले. मी फोनमध्ये ओरडले, “पाडला, आजोबा, पाडला!”

तिकडून काहीच आवाज नाही. मग मला आठवलं, घरचा टीव्ही मागे चालतो. आजोबांच्या पडद्यावर चेंडूला अजून लाथही बसलेली नसणार. मामाने माझ्याकडे बघितलं. मी मामाकडे.

“म्हणजे,” मी आवाज एकदम गूढ करून म्हटलं, “मला असं वाटतं, की आता मूडी पाडेल. समोरच्यांच्या वीस यार्डांच्या रेषेवर. उजव्या खांद्याने.”

वीसेक सेकंद गेली. मग फोनमधून मावशीची किंकाळी ऐकू आली. “बाबा! पोरीला सगळं आधीच कळतंय!”

दुसऱ्या किकला मी सांगितलं, या वेळी मूडी पडणार आणि बारा नंबरवाला पाडणार. तसंच झालं. तिसऱ्याला मी जाहीर केलं की चेंडू बाहेर जाईल, पंचांचा झेंडा पडेल आणि प्रशिक्षक टोपी जमिनीवर आपटतील.

“टोपी!” मावशी किंचाळली. “टोपीसुद्धा!”

मामा तोंडावर हात दाबून बाक हलवत होता, पण या वेळी गुडघ्याने नव्हे.

फोनवर आजोबांचा आवाज आला, अगदी शांत. मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून ते स्पीकर बंद करून स्वयंपाकघरात गेले असावेत. “मॅरेन, टीव्ही मागे चालतो हे मला ठाऊक आहे.”

मी जीभ चावली. “सॉरी, आजोबा. ठेवू का फोन?”

“वेडी आहेस का? लोइसने आत्ताच पुढच्या खेळीवर माझ्याशी पैज लावलीये. हरणाऱ्याने महिनाभर भांडी घासायची.” त्यांनी घसा साफ केला. “लवकर सांग. पुढे काय झालं?”